परभाषा शिकून घरी काय आणावे?

मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास चाळताना एक गोष्ट ध्यानात येते. या साहित्याचा पाया घालणारी बहुतेक माणसे परभाषेचे विद्यार्थी होती. 'ख्रिस्तपुराण' रचणारे येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. १९०३ साली 'निरोप्या' मासिक सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग जर्मन. संपूर्ण बायबल एकहाती मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाई मराठीभाषक खऱ्या. पण त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या भाषा त्यांनी उतारवयात शिकल्या. तेव्हा शाळेत परभाषा शिकाव्यात की नाहीत, हा प्रश्न आमच्या वाचकांना नवा वाटण्याचे कारण नाही. त्या कशासाठी शिकाव्यात आणि शिकलेल्याची कसोटी कोणती, हा प्रश्न मात्र आज नव्याने विचारावा लागत आहे. आमच्या परंपरेतील काही ग्रंथ पुढे ठेवून त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

हडपसरच्या पलीकडे मुळा-मुठेच्या काठी वसलेल्या मांजरीचेच उदाहरण घ्या. ऊस, भाजीपाला आणि द्राक्षे यांसाठी ओळखले जाणारे हे गाव पाहता पाहता शहराचा भाग झाले. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महानगरपालिकेत समाविष्टही झाले. शेतांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली, त्यांच्यामागून इंग्रजी माध्यमाच्या शाळा आल्या आणि शाळांबरोबर भाषेची निवडही आली. पुणे परिसरातील कित्येक शाळांत मूल सातवी-आठवीच्या उंबरठ्यावर आले की घरात चर्चा सुरू होते : संस्कृत, फ्रेंच की जर्मन? या चर्चेत बहुधा एकाच गोष्टीचा खल होतो. गुण कशात जास्त पडतात? शेजारच्या मुलीला फ्रेंचमध्ये पैकीच्या पैकी मिळाले, म्हणून आपल्यालाही फ्रेंच. ज्या देशाची भाषा घ्यायची तेथील माणसे कशी राहतात, काय गातात, कशासाठी भांडली आणि कशासाठी मेली, हा विचार त्या चर्चेत क्वचितच डोकावतो.

यात पालकांचाच दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन अशा भाषा शिकण्याची संधी द्यावी असे म्हटले आहे. त्यामागे दोन हेतू सांगितले आहेत. विद्यार्थ्यांना जगातील संस्कृतींचा परिचय व्हावा आणि त्यांच्या इच्छेनुसार जगभर वावरण्याची वाट त्यांना मोकळी व्हावी. दोन्ही हेतू उत्तम. परंतु एकाच वाक्यात नांदणाऱ्या या दोन हेतूंपैकी दुसरा पहिल्याला गिळून बसला आहे. संस्कृतीचा परिचय म्हणजे पाठ्यपुस्तकातील मनोऱ्याचे चित्र, पावाचे प्रकार आणि उपाहारगृहातील संभाषण. एवढ्यावर तो धडा संपतो आणि मूल क्रियापदांचे तक्ते घोकू लागते. तक्त्यांवाचून भाषा येत नाही हे खरे. पण तक्ता हे दार आहे, घर नव्हे.

स्टीफन्सची सदतीस वर्षे

फादर स्टीफन्स यांनी मराठीची जी स्तुती गायिली ती आपल्या सर्वांच्या ओठांवर असते. भाषणांत, स्मरणिकांत, मराठी दिनाच्या फलकांवर ती येते. मात्र त्या स्तुतीमागे किती वर्षांचा अभ्यास होता, हे कोणी विचारत नाही. स्टीफन्स १५७९ साली गोव्यास पोहोचले. 'ख्रिस्तपुराण' छापले गेले १६१६ साली. मध्ये सदतीस वर्षे गेली. एवढ्या काळात त्यांनी साष्टीच्या खेड्यापाड्यांत लोकांत राहून त्यांची भाषा आत्मसात केली, कोकणी भाषेचे व्याकरण पोर्तुगीजमधून लिहिले आणि मराठी पुराणांची ओवी इतकी मुरवली, की सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ त्यांच्या हातून उतरला. ते व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली रायतूर येथे छापले गेले. भारतीय भाषांच्या छापील व्याकरणांत त्याचा मान पहिला समजला जातो.

या अभ्यासाचे एक लहानसे फळ आम्हांस फार बोलके वाटते. गोव्यास येऊन चार वर्षे झाल्यावर, १५८३ साली, स्टीफन्स यांनी आपल्या भावास पत्र लिहिले आणि येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी नाते सांगते असे त्यात नोंदवले. सर विल्यम जोन्स यांनी हाच विचार १७८६ साली कोलकात्यात शास्त्रीय रीतीने मांडला. तत्पूर्वी दोनशे वर्षे एका तरुण धर्मगुरूला तो सुचला होता. कशामुळे? विद्यार्थिदशेत शिकलेल्या ग्रीक-लॅटिनमुळे. तरुणपणी शिकलेली भाषा कोठे उपयोगी पडेल हे शिकताना कोणालाच ठाऊक नसते. ती दुसऱ्या भाषेकडे पाहण्याची नजर देऊन जाते. शालेय वयात परभाषा शिकण्याच्या बाजूने याहून मोठा पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

मात्र स्टीफन्स यांचा गौरव करताना त्या काळाची दुसरी बाजू झाकणे योग्य होणार नाही. ज्या पोर्तुगीज सत्तेच्या छायेत ते वावरले, त्याच सत्तेने पुढे १६८४ साली गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असे फर्मान काढले. एका बाजूला लोकांची भाषा शिकणारा पाहुणा, दुसऱ्या बाजूला आपली भाषा लोकांवर लादणारा मालक. पहिल्याच्या हातून पुराण निर्माण झाले. दुसऱ्याच्या फर्मानाने कोकणी मेली नाही, एवढेच तिच्या चिवटपणाविषयी सांगता येते. शिकणे आणि शिकवायला लावणे यांत हे अंतर आहे.

रमाबाईंची दोन पुस्तके

मांजरी स्थानकातून दौंडच्या दिशेने जाणारी गाडी लोणी, उरुळी, यवत करीत केडगावला पोहोचते. तेथे मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे काढली. कॅथलिक वाचकांनी त्यांना आपले मानण्यास बराच वेळ घेतला. तरी आमच्या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर त्यांच्याच लेखनात सापडते, असे आमचे मत आहे.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा त्या पंचविशीत होत्या. संस्कृत त्यांना आई-वडिलांकडून मिळाली होती; इंग्रजीची ओळख मात्र आदल्याच वर्षी होऊ लागली होती. हंटर आयोगापुढे १८८२ साली त्यांनी दिलेली साक्षही मराठीतच होती. पुढे चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्या शिकल्या, तेथे संस्कृत शिकवलेही आणि १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या. अवघ्या काही वर्षांच्या या इंग्रजीतून १८८७ साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर एक पुस्तक लिहिले. ते अमेरिकन वाचकांसाठी होते. मायदेशी परतल्यावर १८८९ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून त्यांचे दुसरे पुस्तक निघाले : 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. ते मराठी वाचकांसाठी होते.

ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. इंग्रजी येताच रमाबाईंनी आपल्या घरचे दुःख त्यांच्या भाषेत त्यांना सांगितले आणि त्यांच्या घरचे गुणदोष आपल्या भाषेत आपल्याला सांगितले. परभाषा शिकलेल्या माणसाचे दुहेरी कर्तव्य याहून नेमकेपणाने कोणी पार पाडले असेल असे वाटत नाही. यातले पहिले काम आजही पुष्कळ जण करतात, कारण त्यास मान असतो आणि मानधनही असते. दुसरे काम करणारा विरळा.

मराठी पुस्तकाच्या नावातच त्यांची दृष्टी दिसते. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. मराठीतील बहुतेक प्रवासवर्णनांत लेखक पुढे आणि देश मागे असतो. लेखकाची फजिती, लेखकाचा आहार, लेखकाची थंडी. रमाबाई स्वतःला मागे ठेवतात. त्या देशाचा राज्यकारभार कसा चालतो, घरे कशी असतात, शाळा कोण चालवते, स्त्रियांनी आपल्या संस्था कशा बांधल्या, व्यापार कसा वाढला, अशा क्रमाने त्या वाचकाला हाताशी धरून नेतात. इंग्रज लेखिका हॅरिएट मार्टिनो यांचे अमेरिकन समाजावरील लेखन त्यांच्या डोळ्यांपुढे होते. पण त्या शब्द वेचतात ते मराठी गृहिणीला कळतील असे. बालोद्यानाची शिक्षणपद्धती त्यांनी फिलाडेल्फियात नुसती पाहिली नाही, तिचे रीतसर शिक्षण घेतले आणि त्या धर्तीवर मराठी मुलांसाठी वाचनपुस्तके रचण्याचे काम हाती घेतले. संस्कृतीचा परिचय म्हणतात तो हा.

पुस्तकात दोष नाहीत असे नाही. अमेरिकन लोकशाहीचे आणि तेथील स्त्रीसंस्थांचे कौतुक करताना त्यांची लेखणी आवरत नाही. फ्रान्सिस विलार्ड यांच्यासारख्या सुधारक स्त्रियांच्या सहवासात पाहिलेली अमेरिका ही संपूर्ण अमेरिका नव्हती. तरीही ज्या देशाने त्यांना आश्रय आणि द्रव्य दिले, त्या देशाने मूळ रहिवाशांवर व काळ्या वर्णाच्या लोकांवर केलेला अन्याय त्यांनी झाकला नाही, त्याचा तीव्र निषेध केला. परक्याची भाषा शिकलेला माणूस त्याच्यापुढे वाकतोच, हा समज या पुस्तकाने खोटा पाडला आहे. भाषा चांगली आली म्हणजे कौतुकही नीट करता येते आणि जाबही नीट विचारता येतो. अमेरिकन वाचकांना आपल्याविषयी या बाईंनी काय लिहिले ते समजण्यास मात्र २००३ सालापर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी मीरा कोसंबी यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला.

इंग्लंडमधील वॉन्टेजच्या भगिनींशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, त्यातील एक प्रसंग या संदर्भात आठवतो. त्यांना गळ्यात घालावयास क्रूस दिला गेला, त्यावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी विचारले, लॅटिनच का? आमच्या संस्कृतहून लॅटिनमध्ये अधिक पावित्र्य आहे काय? त्या काळी हा प्रश्न उद्धटपणाचा वाटला असेल. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक घटना मंजूर करून लोकभाषांना उपासनेचे दार उघडले, त्यामागे याच जातीचा विचार होता. आज रविवारी आपण मराठीत मिस्सा ऐकतो. ज्या नातवंडांना ती वाचता येत नाही त्यांना हा इतिहास कोणी सांगावयाचा?

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम म्हणजे बायबलचे भाषांतर. प्रचलित भाषांतर खेड्यातील साध्या स्त्रीला कळत नाही, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच खिळे जुळवले आणि १९२२ साली रमाबाई निवर्तल्यानंतर, १९२४ मध्ये ग्रंथ पूर्ण छापून निघाला. येथे स्टीफन्स आणि रमाबाई यांची तुलना करण्याचा मोह होतो. स्टीफन्सने हिंदू पुराणाचा साचा आणि त्याची शब्दसंपत्ती मोकळ्या हाताने उचलली. रमाबाईंनी हिंदू धर्मकल्पनांशी जडलेले शब्द कटाक्षाने टाळले आणि भाषा बोलीच्या जवळ नेली. या अतिदक्षतेने त्यांची शैली काही ठिकाणी रुक्ष झाली आहे, हे मान्य करावे लागते. काव्य म्हणून 'ख्रिस्तपुराण' उजवेच ठरेल. तरी मूळ भाषा शिकून, अर्थ आपल्या स्वयंपाकघरातल्या मराठीत उतरवण्याचा जो आग्रह रमाबाईंनी धरला, त्याचे मोल कमी होत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा २०१३चा अनुवाद पुरस्कार मिळाला. सुबोधतेच्या या मार्गावर रमाबाईंची पावले आधीच उमटली होती.

एक जर्मन आणि आपली जर्मन

आता फादर डोरिंग यांच्याकडे वळू. अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यांत राहून या जर्मन धर्मगुरूने मराठी आत्मसात केली आणि गरीब, नवशिक्षित ख्रिस्ती कुटुंबांसाठी मराठीत मासिक काढले. १९०७ साली ते पुण्याचे महागुरू झाले, पुढे जपानमध्ये हिरोशिमा येथे त्यांची नेमणूक झाली आणि १९२७ साली ते पुन्हा पुण्यास आले. ज्यांच्यासाठी 'निरोप्या' निघाला त्यांतील पुष्कळांची नातवंडे-पतवंडे आज पुणे परिसरात, हडपसर-मांजरीच्या बाजूस नोकरीधंद्यासाठी स्थिरावली आहेत आणि शाळेत जर्मन शिकत आहेत. काळाने वर्तुळ पूर्ण केले असे वरवर वाटते. पण एक फरक आहे. जर्मन माणूस मराठी शिकला आणि त्यातून मराठी मासिक निघाले. मराठी मूल जर्मन शिकते, त्यातून गुणपत्रिका निघते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि त्यासाठी जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाची योजना आखली. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कामांसाठी आपल्या तरुणांनी तेथे जावे, मानाने चार पैसे मिळवावेत, यात गैर काहीच नाही. आपल्या कित्येक कुटुंबांनी आखाती देशांत अशीच वर्षे काढली आणि त्यावर घरे उभी केली. आमचे म्हणणे एवढेच की, रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या परिचारिकेला औषधांची नावे पाठ असून भागत नाही. म्हातारा जर्मन रुग्ण रात्री काय आठवून रडतो, युद्धाविषयी बोलणे का टाळतो, नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याला कोणते गाणे हवे असते, हे तिला कळले तर ती तेथे नुसती कामगार राहणार नाही. पोटापाण्यासाठी शिकलेल्या भाषेलाही संस्कृतीच्या ज्ञानावाचून पूर्णत्व येत नाही. तेव्हा धोरणातील ते दोन हेतू वेगळे काढताच येत नाहीत. पहिला नीट साधला तरच दुसरा टिकतो.

यासाठी एक अट मात्र आहे आणि ती घरची आहे. मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. महाराष्ट्रातला द्राक्ष बागायतदार आधी जमिनीत खुंट लावतो, तो चांगला रुजू देतो आणि मग त्यावर हव्या त्या जातीचे कलम बांधतो. खुंट वाळका असेल तर थॉमसन काय, कॅबरनेट काय, कोणतेच कलम धरत नाही. परभाषेचे असेच आहे. ज्या मुलाची एकही भाषा खोल रुजलेली नाही त्याच्यावर कितीही भाषा बांधा, परीक्षेपुरत्या हिरव्या दिसतील आणि सुटीत वाळतील. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. पण जी मराठी घरात बोलली जात नाही, प्रार्थनेत म्हटली जात नाही आणि गोष्टींत वाचली जात नाही, ती केवळ वेळापत्रकातील तासिकेने रुजणार नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा शासननिर्णय निघाला आणि मोठ्या विरोधानंतर २९ जून रोजी तो मागे घेतला गेला. त्या सगळ्या वादात भाषा किती व कोणत्या इयत्तेपासून याची चर्चा उदंड झाली. भाषा शिकून मूल काय करणार, हा प्रश्न तेव्हाही मागेच राहिला.

आमच्या मते त्याचे उत्तर रमाबाईंच्या त्या दोन पुस्तकांत आहे. शिकलेल्या परभाषेतून काहीतरी आपल्या भाषेत परत आले पाहिजे. शाळेतल्या मुलाकडून ग्रंथाची अपेक्षा कोणी करणार नाही. फ्रेंच किंवा जर्मन शिकणाऱ्या मुलाने वर्षातून एक लहानशी गोष्ट मराठीत आणावी आणि आजीला वाचून दाखवावी. आजीला ती कळली तर मुलाला दोन्ही भाषा आल्या असे समजावे. आजीने 'म्हणजे काय रे?' असे विचारले तर पुन्हा लिहावी. याहून चोख परीक्षक कोणत्याही मंडळाकडे नाही. त्याच मुलाने नंतर आजीची एखादी ओवी किंवा आठवण त्या परभाषेत न्यावी. एक काम येण्याचे, एक जाण्याचे.

धर्मग्रामाच्या पातळीवरही हे करता येण्यासारखे आहे. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात रोमला शिकून आलेले धर्मगुरू, परराज्यांत सेवा केलेल्या धर्मभगिनी, आखातात अरबी कानावर पडलेले कामगार, वसई-गोव्याहून आलेली कुटुंबे असतात. एवढी भाषासंपत्ती दाराशी असता मुलांना संस्कृतीचा धडा केवळ छापील चित्रांतून द्यावा लागतो, ही आपली उदासीनता आहे. सुटीच्या वर्गात अशा माणसांना बोलवावे; तेथे लोक मयताला काय करतात, भाकरीला काय म्हणतात, पाहुण्याला कसे बसवतात, ते मुलांनी विचारावे आणि मराठीत लिहून काढावे. त्यातील चांगले लेखन अशा नियतकालिकांकडे यावे. ज्या साहित्याची सुरुवात परभाषा शिकणाऱ्यांनी केली, त्याची पुढची पानेही परभाषा शिकणाऱ्या मुलांनी लिहावीत, यात विसंगत असे काहीच नाही.

म्हणून मुलाने कोणती भाषा घ्यावी असे आम्हांस विचारणाऱ्या पालकांना आमचे सांगणे आहे : त्याला आवडेल ती घेऊ द्या. फक्त वर्षअखेरीस गुणपत्रिका पाहून झाल्यावर त्याला आणखी एक प्रश्न विचारा. त्या भाषेतून आमच्यासाठी काय आणलेस?